युद्धातून सावरणाऱ्या देशातील वैद्यकीय महाविद्यालयाला पाठ्यपुस्तके कशी द्यावीत

युद्धाने मोडलेल्या देशातील वैद्यकीय महाविद्यालयाला पुस्तके पाठवायची इच्छा झाली, की बहुतेकांचा हात प्रथम आपल्याच कपाटाकडे जातो. जुन्या आवृत्त्या, निवृत्त डॉक्टरांचे संग्रह, ग्रंथालयाने बाद केलेले खंड असे सगळे गोळा होते, खोकी भरली जातात आणि मग ती कोठे पाठवायची याचा विचार सुरू होतो. हा क्रम उलटा आहे. पुस्तकांची यादी घेणाऱ्याकडून आली पाहिजे. देणाऱ्याचे काम ती यादी शक्य तितकी तंतोतंत पुरी करण्याचे आहे. ज्यांना हा निर्बंध जाचक वाटेल त्यांनी पुस्तकांऐवजी पैसे द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

नुकसान कोणत्या प्रकारचे आहे

युद्धाने वैद्यकीय शिक्षणाचे होणारे नुकसान सगळीकडे सारखे नसते, आणि कोणती पुस्तके पाठवायची हे त्या नुकसानीच्या स्वरूपावर ठरते. इराकमधील मोसूल विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय आयसिसच्या राजवटीत आणि नंतरच्या लढाईत जळाले. शहर २०१७ मध्ये मुक्त झाले आणि दुरुस्त झालेले ग्रंथालय फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा उघडले. तेथे पुस्तके गेली होती, पण शिकवणारे बरेचसे होते, विद्यार्थी परत येत होते आणि काय हवे हे सांगू शकणारे ग्रंथपालही होते. अशा ठिकाणी नेमकी यादी मिळते आणि नेमकी पुस्तके पाठवता येतात. त्याच इराकमध्ये १९९० नंतरच्या आर्थिक निर्बंधांच्या काळात चित्र वेगळे होते. ग्रंथालये जागेवर उभी होती, पण नवी पुस्तके आणि नियतकालिके येणे जवळजवळ थांबल्याने कपाटे वर्षागणिक जुनी होत गेली. अशी उपासमार जळलेल्या इमारतीसारखी छायाचित्रात दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी मदतही उशिरा येते.

तिसरा प्रकार सर्वांत कठीण असतो. कंबोडियात १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज राजवटीनंतर देशात मोजकेच डॉक्टर जिवंत उरले होते. जेथे शिकवणाऱ्यांची पिढीच नाहीशी झाली आहे, तेथे जाडजूड संदर्भग्रंथ पाठवून फारसे साधत नाही, कारण तो ग्रंथ उलगडून दाखवणारा माणूसच वर्गात नसतो. तेथे चित्रे, उदाहरणे आणि स्वाध्याय असलेली, एकट्याने वाचता येतील अशी पाठ्यपुस्तके अधिक उपयोगी पडतात, आणि ती बाहेरून येणाऱ्या शिक्षकांच्या मुक्कामाशी जोडलेली असतील तर आणखी चांगले. सोमालियापासून वेगळे झाल्याचे जाहीर केलेल्या सोमालीलँडमधील बोरामा आणि हर्गेसा येथील वैद्यकीय शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेज व त्याच्याशी जोडलेल्या संस्थांशी असलेल्या दीर्घ भागीदारीतून उभे राहिले, आणि त्या कामात शिक्षक, परीक्षा व अभ्याससाहित्य यांचा विचार एकत्र झाला होता. ज्या पुस्तकातून पुढच्या महिन्यात कोणीतरी शिकवणार आहे ते पुस्तक वाचले जाते.

लढाई अजून चालू असेल तर खोकी पाठवू नयेत. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून आणि गाझामध्ये ऑक्टोबर २०२३ पासून विद्यापीठांच्या इमारतींचा विध्वंस झाला, विद्यार्थी व शिक्षक विखुरले. अशा वेळी छापील पुस्तके ठेवायला जागाच नसते. त्या काळात इंटरनेटवरून किंवा पेनड्राइव्हवरून देता येणारे कायदेशीर साहित्य आणि दुसरीकडे शिक्षण पुरे करणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत, हेच मार्ग शहाणपणाचे ठरतात.

पहिले पत्र

संपर्क कोणाशी करावा? माझ्या मते तिघांशी एकाच वेळी: अधिष्ठात्यांशी, ग्रंथपालांशी आणि निदान एका शिकवत्या विभागप्रमुखांशी. केवळ अधिष्ठात्यांना लिहिले तर सौजन्यपूर्ण उत्तर येते की आपण जे द्याल ते आनंदाने स्वीकारू. हे उत्तर दात्याला सुखावते, पण त्यातून यादी मिळत नाही. ग्रंथपालांना विचारल्यावरच कळते की शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथांची कपाटे भरलेली आहेत, मात्र बालरोगाचे एकही नवे पुस्तक नाही. विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींपर्यंत पोहोचता आले तर तेही करावे, कारण वर्गात प्रत्यक्षात कशावरून अभ्यास होतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. बहुतेक वेळा उत्तर असते: कोणाच्या तरी टिपणांच्या झेरॉक्स प्रतींवरून.

पत्रात पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे लेखी घ्यावीत. शिक्षण कोणत्या भाषेत दिले जाते आणि परीक्षा कोणत्या भाषेत होते. अभ्यासक्रम किती वर्षांचा आहे आणि तो विषयवार आहे की अवयवसंस्थांनुसार एकत्र बांधलेला. प्रत्येक वर्षात विद्यार्थी किती. नेमून दिलेली पाठ्यपुस्तके कोणती आणि त्यांच्या कोणत्या आवृत्तीच्या किती प्रती आज वाचनीय अवस्थेत आहेत. पुस्तके घरी देता येतात की वाचनकक्षातच वापरावी लागतात. छप्पर गळते का, कपाटे आहेत का, वीज दिवसातून किती तास असते. शेवटचे तीन प्रश्न विचारायला थोडे अवघडल्यासारखे होते, पण ते वगळू नयेत.

त्याच पत्रव्यवहारात हेही निश्चित करावे की देणगी स्वीकारण्याचा अधिकार कोणाचा आहे. अनेक देशांत विद्यापीठे उच्च शिक्षण मंत्रालयाकडे आणि शिकवणारी रुग्णालये आरोग्य मंत्रालयाकडे असतात, आणि सीमाशुल्कमाफीचे पत्र देणारे मंत्रालय तिसरेच असू शकते. जेथे सत्ता विभागलेली आहे तेथे एका पक्षाच्या कागदपत्रांवर आलेली खोकी दुसऱ्या पक्षाच्या चौकीवर अडकतात. या बाबतीत तेथील माणसांचा शब्द अखेरचा मानावा.

भाषेचा प्रश्न

इंग्रजी पुस्तके सर्वत्र चालतात, ही समजूत फार मोठ्या खर्चाला कारणीभूत होते. इराकमधील वैद्यकीय महाविद्यालयांत इंग्रजीतून शिकवले जाते, परंतु शेजारच्या सीरियात, दमास्कसमध्ये, १९१९ पासून वैद्यकीय शिक्षण अरबीतून चालत आले आहे. मोझांबिक आणि अंगोलात पोर्तुगीज चालते, कंबोडियात फ्रेंचचा वापर दीर्घकाळ राहिला आहे, आणि अफगाणिस्तानात दरी व पश्तो या वर्गातील भाषा आहेत. अशा ठिकाणी इंग्रजी ग्रंथ शिक्षकांना आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जरूर उपयोगी पडतात, तेव्हा त्यांच्या मोजक्या प्रती पाठवाव्यात. पहिल्या वर्षाच्या वर्गासाठी मात्र त्यांच्या शंभर प्रती पाठवणे व्यर्थ आहे.

अफगाणिस्तानात याहून चांगला मार्ग काढला गेला. तेथील प्राध्यापकांनी स्वतः दरी आणि पश्तोमध्ये लिहिलेली वैद्यकीय पाठ्यपुस्तके जर्मन मदतीतून छापून काबूल, नांगरहार, कंदाहार, हेरात आणि बल्ख येथील विद्याशाखांना देण्यात आली. लेखक स्थानिक, भाषा स्थानिक, आणि बाहेरून आला तो छपाईचा खर्च. शिक्षक टिकून आहेत पण त्यांची हस्तलिखिते छापायला पैसे नाहीत अशी स्थिती असेल, तर दात्याने या मार्गाचा विचार सर्वांत आधी करावा. मला तर तो परदेशी पुस्तकांनी भरलेल्या कोणत्याही कंटेनरपेक्षा श्रेष्ठ वाटतो, कारण त्यातून पुस्तकाबरोबर लेखकही तयार होतो.

अफगाणिस्तानच्याच संदर्भात आणखी एक गोष्ट दात्याने डोळे उघडे ठेवून समजून घ्यावी. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबान राजवटीने मुलींना विद्यापीठाची दारे बंद केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये परिचर्या व प्रसूतीसेवा शिकवणाऱ्या संस्थांतूनही त्यांना वगळले. आज तेथील महाविद्यालयाला दिलेले पुस्तक कोणाच्या हातात पडेल आणि कोणाच्या पडणार नाही, हे दात्याला माहीत असले पाहिजे. देणगी द्यावी की नाही, अथवा ऑनलाइन शिकणाऱ्या विद्यार्थिनींसाठी वेगळी तरतूद करावी का, हा निर्णय त्यानंतर घ्यावा.

निवड: थोडी शीर्षके, पुष्कळ प्रती

शंभर वेगवेगळ्या पुस्तकांची एकेक प्रत दिली तर ग्रंथालय दिसायला भरते, पण वर्ग चालत नाही. दीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी औषधशास्त्राच्या नेमलेल्या पाठ्यपुस्तकाच्या तीस सारख्याच आवृत्तीच्या प्रती आल्या, तर पाच जणांत एक पुस्तक येते, शिक्षक पान क्रमांक सांगू शकतात आणि परीक्षेची तयारी एकाच मजकुरावर होते. म्हणून मूळ विषय निवडून प्रत्येकाचे एक, फार तर दोन पाठ्यपुस्तक ठरवावे आणि सारी ताकद त्याच्या प्रती वाढवण्यात लावावी. वेगवेगळ्या घरांतून गोळा झालेल्या जुन्या पुस्तकांनी हे सहसा साधत नाही; एकाच आवृत्तीच्या तीस प्रती प्रकाशकाकडून, वितरकाकडून किंवा एखाद्या महाविद्यालयाने आवृत्ती बदलताना एकगठ्ठा काढलेल्या साठ्यातूनच मिळतात. १९५४ मध्ये स्थापन झालेली बुक एड इंटरनॅशनल ही ब्रिटिश संस्था प्रकाशकांकडून मिळालेली नवी पुस्तकेच पाठवते. तेवढे शक्य नसणाऱ्यांनीही तो दंडक डोळ्यांसमोर ठेवावा.

आवृत्तीच्या वयाचा नियम सर्व विषयांना एकच लावणे योग्य नाही. शरीररचनाशास्त्राचा दहा वर्षांपूर्वीचा चांगला चित्रसंग्रह आजही निर्धास्तपणे वापरता येतो. भ्रूणशास्त्र, ऊतिशास्त्र आणि रुग्णतपासणीची पद्धत शिकवणारी पुस्तकेही सावकाश जुनी होतात. उपचार सांगणारे पुस्तक मात्र जुने झाले की निरुपयोगी होऊन थांबत नाही, ते धोकादायक होते. २०१० पूर्वीच्या अमेरिकी पुस्तकात हृदयक्रिया बंद पडलेल्या प्रौढाला आधी श्वास देण्याचा क्रम असतो. त्या वर्षीच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी छातीवर दाब देणे पहिल्या क्रमांकावर आणले. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाला श्वास देताना शंभर टक्के ऑक्सिजनऐवजी साध्या हवेने सुरुवात करावी, हा बदलही त्याच वर्षीचा. तीव्र हिवतापात मुलांनाही क्विनाइनऐवजी आर्टेसुनेट द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २०११ ची आहे. एचआयव्हीचे निदान झालेल्या प्रत्येकाला रक्तातील सीडी४ या रोगप्रतिकारक पेशींची संख्या न पाहता उपचार सुरू करावेत, ही २०१५ ची. बहुऔषधप्रतिरोधी क्षयाच्या उपचारातून इंजेक्शने आता मागे पडली असून २०२२ पासून सहा महिन्यांची तोंडावाटे घ्यायची उपचारयोजना शिफारशीत आहे. औषधशास्त्र, संसर्गजन्य रोग, कर्करोग, तातडीची चिकित्सा आणि नवजातशास्त्र यांत पाच वर्षांहून जुनी आवृत्ती घेऊ नये, आणि शक्य तेथे चालू आवृत्तीच द्यावी. आपल्या विद्यार्थ्याच्या हाती जे पुस्तक आपण देणार नाही ते खोक्यात टाकू नये. इतरत्र काहीच नसल्याने हे तरी चालेल, हा युक्तिवाद वैद्यकीय पुस्तकांना लागू पडत नाही, कारण त्यातील मात्रा कोणा ना कोणा रुग्णाला दिली जाते.

पुस्तक कोणत्या देशात छापले याचाही परिणाम होतो. अमेरिकी पुस्तकांत रक्तशर्करा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असते, तर अनेक देशांच्या प्रयोगशाळा मिलिमोल प्रति लिटरमध्ये अहवाल देतात. उपाशीपोटी १२६ आणि ७ हे दोन्ही आकडे मधुमेहाची एकच मर्यादा दाखवतात, हे नवख्या विद्यार्थ्याला सांगावे लागते. औषधांच्या नावांचेही तसेच. अमेरिकेतील अ‍ॅसिटामिनोफेन म्हणजे इतरत्रचे पॅरासिटामॉल, एपिनेफ्रिन म्हणजे अ‍ॅड्रेनालिन, अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल, आणि मेपेरिडिन म्हणजे पेथिडिन. अशी पुस्तके पाठवण्यास हरकत नाही, परंतु प्रत्येक प्रतीच्या आतल्या पानावर दोन्ही नावांचे आणि एककांच्या रूपांतराचे एक छापील कोष्टक चिकटवून द्यावे. खर्च नगण्य आहे, आणि या कामात हौशी स्वयंसेवकांना गुंतवणे सोपे जाते.

पुस्तकांत ज्या रुग्णालयाचे चित्र असते ते बहुधा सीटी स्कॅन, अतिदक्षता विभाग आणि चोवीस तास चालणारी प्रयोगशाळा असलेले असते. ज्या विद्यार्थ्याला उद्या जिल्ह्याच्या ठिकाणी एकट्याने काम करायचे आहे त्याला मर्यादित साधनांत काय करावे हे सांगणारे पुस्तकही हवे. जिल्हा रुग्णालयांतील बालरोग उपचारांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे खिशात मावणारे पुस्तक आणि आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीचे युद्धजखमांच्या शल्यचिकित्सेवरील ग्रंथ इंटरनेटवर मोफत मिळतात. त्यांच्या बांधीव छापील प्रती काढून पाठवणे हे फार मोलाचे काम आहे. आणि केवळ डॉक्टरांचाच विचार करू नये. मोझांबिकने १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शल्यचिकित्सेचे प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली आणि ग्रामीण भागातील सिझेरियनचा मोठा भार त्यांनी उचलला. युद्धानंतरच्या देशात परिचारिका, दाया, भूलतंत्रज्ञ आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्या शाळांकडे दात्यांचे लक्ष क्वचितच जाते, त्यामुळे पहिल्या पत्रातच त्यांची चौकशी करावी.

प्रत्येक प्रतीची तपासणी

जुनी पुस्तके घेतलीच, तर प्रत्येक प्रत उघडून पाहावी. बुरशीचा वास येणारे पुस्तक सरळ बाजूला काढावे, कारण बंद कंटेनरमध्ये एका प्रतीची बुरशी खोकेभर पसरते. वाळवी किंवा कसर यांची खूण दिसली तरी तेच करावे. सुटी पाने, फाटलेली तक्ते-चित्रे, गहाळ झालेली परिशिष्टे असलेली प्रत बाद. पेन्सिलीच्या खुणा आणि समासातील टिपणे चालतात. कधी कधी ती मूळ मजकुराइतकीच उपयोगी असतात. मात्र दात्या डॉक्टरांच्या पुस्तकांत रुग्णांच्या नावाच्या चिठ्ठ्या, प्रयोगशाळेचे अहवाल, औषधांच्या यादीचे कागद खूण म्हणून अडकवलेले असतात, आणि ते न चुकता काढून नष्ट करावेत. काही पुस्तकांत ऑनलाइन साहित्यासाठी एकदाच वापरता येणारा संकेतांक असतो; तो घासून उघडलेला असेल तर त्याच्याशी जोडलेला ऑनलाइन भाग मिळणार नाही, हे यादीत नोंदवावे.

काही प्रकाशक ठरावीक देशांपुरत्या स्वस्त आवृत्त्या काढतात आणि त्या अन्यत्र नेण्यास मनाई असल्याचे मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर छापतात. अशा प्रती मोठ्या संख्येने पाठवण्यापूर्वी प्रकाशकाची लेखी परवानगी घ्यावी. देणगीसाठी ती मागितल्यास प्रकाशक कधी कधी स्वतःच अधिक प्रती देऊ करतात. संपूर्ण पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती आणि बेकायदा उतरवलेल्या पीडीएफ फाइल देणगीत घालू नयेत. घेणाऱ्या संस्थेकडे त्या आधीच असतील, तो त्यांचा नाइलाज आहे. आपण त्यावर शिक्कामोर्तब करण्याचे कारण नाही.

बांधणी आणि वाहतूक

वैद्यकीय पुस्तके गुळगुळीत जाड कागदावर छापलेली असल्याने आकाराच्या मानाने फार जड असतात. खोके दुपदरी पुठ्ठ्याचे, लहान आणि पंधरा किलोच्या आत ठेवावे, कारण दुसऱ्या टोकाला ते बहुधा हातांनी, जिन्यांवरून चढवले जाणार असते. आत प्लास्टिकचे अस्तर आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात. खोकी विषयवार भरावीत, प्रत्येकाला क्रमांक द्यावा, आणि त्या क्रमांकाखाली शीर्षक, आवृत्ती, वर्ष व प्रतींची संख्या असलेली यादी एक खोक्यात, एक खोक्याच्या बाहेर आणि एक ग्रंथपालांकडे ईमेलने द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या निळ्या पेटीच्या ग्रंथालयाने, म्हणजे आफ्रिकेतील जिल्हा आरोग्य केंद्रांसाठी धातूच्या निळ्या पेटीत विषयवार लावून पाठवलेल्या शंभराहून अधिक पुस्तकांच्या संचाने, हा विचार पुढे नेला होता: पेटीच कपाटाचे काम करत असे. कपाटे नाहीत असे उत्तर आले असेल तर ही युक्ती अजूनही अनुकरणीय आहे.

थोडी पुस्तके असतील तर टपालाची एम-बॅग पाहावी. एकाच पत्त्यावर जाणाऱ्या छापील साहित्याची ही पिशवी तीस किलोपर्यंत असू शकते आणि साध्या पार्सलपेक्षा सहसा स्वस्त पडते. मात्र त्या देशाची टपालसेवा चालू आहे का आणि ती अशी पिशवी स्वीकारते का हे आधी विचारावे. मोठ्या साठ्यासाठी जहाजच. चाळीस फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे ६७ घनमीटर असते, पण पुस्तकांनी तो पूर्ण भरू म्हटले तर वजनाची मर्यादा कितीतरी आधी ओलांडली जाते. म्हणून भाडे ठरवताना वजनाचा हिशेब करावा, आकाराचा नव्हे. खोकी रचण्यासाठी लाकडी पॅलेट, म्हणजे फळ्यांच्या चौकटी, वापरले तर त्यांवर कीडनियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार उष्णताप्रक्रियेचा शिक्का हवा, नाहीतर निष्पाप पुस्तके लाकडापायी बंदरावर अडकतात.

खरी अडचण बंदरावरच येते. पाठवण्यापूर्वी पुढील कागद हातात असावेत: घेणाऱ्या संस्थेचे स्वीकृतिपत्र, देणगीपत्र, खोकीवार यादी, पुस्तके विक्रीसाठी नाहीत असे नमूद केलेले आणि तरीही सीमाशुल्कासाठी वाजवी मूल्य दाखवणारे बीजक, आणि सीमाशुल्कमाफीचे पत्र. मूल्य शून्य लिहू नये. त्याने संशयच वाढतो. छापील पुस्तके जगभरच्या सीमाशुल्क वर्गीकरणात ४९०१ या शीर्षकाखाली येतात. युनेस्कोचा १९५० चा फ्लॉरेन्स करार शैक्षणिक पुस्तकांवरील आयातशुल्क माफ करतो आणि तो १९५२ पासून अमलात आहे, परंतु तो देश करारात सामील आहे का हे पाहावे लागते, आणि सामील असला तरी युद्धानंतरच्या कार्यालयातील अधिकाऱ्याला तो माहीत असेलच असे नाही. कराराची प्रत कागदांना जोडून द्यावी. निर्बंध असलेल्या देशाच्या बाबतीत आपल्या देशाच्या कायद्याचा सल्ला घ्यावा. अमेरिकेत १९८८ च्या बर्मन दुरुस्तीने पुस्तकांसारख्या माहितीपर साहित्याला व्यापारबंदीतून सूट दिली आहे, तथापि बँकेमार्फत वाहतुकीचे पैसे चुकते करताना अडचण येऊ शकते, कारण बँका कायद्यापेक्षाही सावध असतात.

माफीचे पत्र मिळण्यापूर्वी जहाज निघू देऊ नये. कंटेनर बंदरावर पडून राहिला की दिवसागणिक विलंब आकार चढत जातो आणि काही आठवड्यांत तो पुस्तकांच्या किमतीपलीकडे जाऊ शकतो. अफगाणिस्तानसारख्या समुद्रकिनारा नसलेल्या देशाच्या बाबतीत शेजारच्या देशातून माल नेण्याची कागदपत्रेही वेगळी लागतात. बंदरापासून कपाटापर्यंतचा सारा खर्च, म्हणजे स्थानिक एजंट, ट्रक, हमाली आणि गोदामभाडे, दात्याने आपल्या अंदाजपत्रकात धरावा. पगार वेळेवर न मिळणाऱ्या प्राध्यापकांना आपलीच देणगी सोडवून घेण्यासाठी वर्गणी काढायला लावणे हा या क्षेत्रातील सर्वांत लाजिरवाणा प्रकार आहे, आणि तो घडतो.

पुस्तकांवर दात्या देशाचा झेंडा, घोषणा किंवा संस्थेचे मोठे बोधचिन्ह छापू नये. तणाव निवळलेला नसेल तेथे असा शिक्का असलेले पुस्तक घेऊन फिरणे विद्यार्थ्याला धोक्याचे ठरू शकते. आतल्या पानावर लहानसे देणगीपत्र पुरे, आणि तेही ग्रंथपालांना विचारून.

छापील पुस्तकांच्या जोडीला

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या प्रकाशकांच्या साहाय्याने २००२ मध्ये सुरू केलेला हिनारी हा कार्यक्रम कमी उत्पन्नाच्या देशांतील विद्यापीठे, परिचर्या शाळा आणि शिकवणाऱ्या रुग्णालयांना वैद्यकीय नियतकालिके व पुस्तके इंटरनेटवर मोफत किंवा अल्प शुल्कात वाचायला देतो. अनेक महाविद्यालये पात्र असूनही नोंदणी करत नाहीत, किंवा नोंदणी झाली तरी संकेतशब्द एकाच माणसाकडे राहतो आणि तो बदलून गेला की सगळे थांबते. दात्याने नोंदणीला मदत करावी आणि ग्रंथपालांच्या प्रशिक्षणासाठी थोडे पैसे द्यावेत. खर्चाच्या मानाने इतके फळ देणारी दुसरी गोष्ट मला ठाऊक नाही. इंटरनेट बेभरवशाचे असेल तर किविक्ससारख्या, इंटरनेटशिवाय मजकूर वाचू देणाऱ्या मुक्त प्रणालीवर वैद्यकीय माहिती साठवलेला एक छोटा सर्व्हर वाचनकक्षात ठेवता येतो. तो अत्यल्प विजेवर चालतो आणि भोवतालच्या फोनना वायफायने मजकूर पुरवतो. तरीही छापील पाठ्यपुस्तकांची जागा यांपैकी कशानेही भरत नाही, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत, जेव्हा विद्यार्थ्याला एकच मजकूर सलग आणि पुनःपुन्हा वाचायचा असतो.

पोहोचल्यानंतर

पोचपावतीत खोक्यांची संख्या, खराब झालेल्या प्रती आणि ग्रंथालयाच्या नोंदवहीत चढवलेल्या प्रती हे तीन आकडे मागावेत. समारंभाची छायाचित्रे मागू नयेत. सहा महिन्यांनी ग्रंथपालांना एकच प्रश्न विचारावा, की कोणती पुस्तके सर्वांत जास्त झिजली आणि कोणती एकदाही उघडली गेली नाहीत. दुसऱ्या खेपेची यादी या उत्तरावरून तयार करावी, आणि पहिली खेप जाणीवपूर्वक लहान ठेवावी म्हणजे चुका लहान राहतील. नेमलेल्या पाठ्यपुस्तकांच्या नव्या आवृत्त्या साधारण तीन ते पाच वर्षांनी येतात, तेव्हा त्या कालावधीने प्रती बदलून देण्याची तरतूद सुरुवातीच्या पत्रातच लिहून ठेवावी.

त्याच पत्रात आणखी एक कलम घालावे: दिलेली पुस्तके जुनी झाल्यावर, किंवा मुळातच नको असल्यास, दात्याला न विचारता ती बाद करण्याचा, दुसऱ्या शाळेला देण्याचा किंवा रद्दीत काढण्याचा पूर्ण अधिकार ग्रंथालयाला आहे. हे लेखी नसेल तर देणगीच्या भिडेपोटी कालबाह्य औषधशास्त्राचे ग्रंथ वर्षानुवर्षे कपाटात राहतात आणि विद्यार्थी त्यांतूनच मात्रा पाठ करत राहतात.